तांबडा मफलर

सभेला जेमतेम तीन रांगा भरल्या होत्या. पक्षाच्या फोटोवाल्यानं त्याच रांगा संगणकावर पुढे, मागे, कडेला चिकटवून मैदान तुडुंब भरून टाकलं. चेहरे बघायला वेळ होता कुणाला! सकाळी त्याचे वडील पेपर नाचवत आले. "बघ, मुंगी शिरायला जागा नव्हती!" तो चक्रावला. "बाबा, काल तर म्हणालात, काळं कुत्रंही फिरकलं नाही." "भाषण ऐकताना मागे कोण बघतं? नंतर भरलं असेल." "अहो, गर्दी मी केली, घरी बसून!" "छापलंय ते खोटं?" वैतागून त्यानं फोटोवर बोट टेकवलं. ते तिथेच थबकलं. वडिलांचा तांबडा मफलर. पलीकडे पुन्हा तोच. मागेही तोच. "हे तुम्ही. हेही तुम्हीच. हेसुद्धा." वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं, "यातला मी कुठला रे?" ज्यानं चिकटवलं होतं, त्यालाही सांगता येईना.