चिमूटभर मेथी

"डोळं बांधा न्हाईतर पोत्यात घाला. ही बोटं चुकायची न्हाईत."

कोंडिबानं ओट्यावर जमलेल्या माणसांपुढं दहाही बोटं नाचवली. भाताचा दाणा नुसता चोळून वाण सांगतो, असं त्यानं सगळ्या गुंजवणे गावाला इतकी वर्षं ऐकवलं होतं, की आता थेट पुण्याहून परीक्षा घरी चालून आली होती. परीक्षा म्हणजे शुभ्रा. मूळची भोरची, पुण्यात मेंदूवर संशोधन करत होती. तिनं कोंडिबाच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवली आणि वायरींचा झुबका लॅपटॉपला जोडला.

"आजोबा, आज तंबाखू वगैरे काही खाल्लं नाही ना?"

"आज?" कोंडिबा हसला. "संक्रांतीलाच सोडली, बाई. ह्या नातीच्या डोक्यावर हात ठिवून."

नात शिवानी सातवीत होती. ती ताठ बसली. 'माझ्या आबांनी तंबाखू सोडली' ह्या भाषणाला तिचा शाळेत पहिला नंबर आला होता. ते सर्टिफिकेट कोंडिबानं स्वतः खिळा ठोकून दाराशी लावलं होतं. आल्यागेल्याला चहाच्या आधी ते वाचावं लागे.

शुभ्रानं त्याचे डोळे बांधले. "हात जे काम रोज करतो ना, ते मेंदूतल्या पेशी शिकून घेतात. ओळखीचा स्पर्श झाला की त्या जास्त जोरात जाग्या होतात. मग इथं रेघा उडतात."

पहिला दाणा कोंडिबानं चिमटीत चोळला. "इंद्रायणी."

आंबेमोहर होता.

दुसऱ्याला तो आंबेमोहर म्हणाला, तो इंद्रायणी निघाला. तिसऱ्याला त्यानं बराच वेळ घेतला आणि ठासून कोलम सांगितला. तो गहू होता.

"रेघा काय म्हणत्यात?" शेजारच्या सोमनाथनं मान लांब करून विचारलं.

"झोपल्यात," शुभ्रा म्हणाली.

"बियाणंच भेसळीचं हाय," कोंडिबा गुरगुरला.

"बियाणं निवडायला आजवर मीच बसतीया," त्याची बायको फुलाबाई सुपात भात पाखडत म्हणाली. "ह्यांनी नुसतं सांगायचं काम केलं. ती वायर जिभंला लावा म्हणावं."

माणसं खो खो हसली. पट्टीच्या मागं कोंडिबाचे कान तापले. "आजून एक. आजून एकच द्या, बाई."

घरातलं काहीतरी वेगळं आण, असं शुभ्रानं शिवानीला खुणावलं. शिवानी आत गेली, डब्यातून वाळल्या मेथीचा चुरा घेऊन आली आणि तिनं तो चिमूटभर आबाच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

आता चुकायचं नाही, म्हणून कोंडिबा मनातल्या मनात वाणांची नावं घोकत होता. अंगठा तेवढा वेळ थांबला नाही. तो तळव्यावर उतरला आणि चोळायला लागला. बोटांनी दोन काड्या वेचून बाहेर टाकल्या. मग हात कोपरीच्या खिशात गेला, चुन्याची डबी घेऊन आला, नखानं चुना उचलला, मेथीत मळला. चार बोटांनी दोन थापा. एक फुंकर. चिमूट खालच्या ओठात.

लॅपटॉपवर रेघा अशा उसळल्या की शुभ्रा जागची उठली. "अरे वा! बघा, केवढ्या जाग्या झाल्या!"

फुलाबाईचं सूप थांबलं.

चव लागली तेव्हा कोंडिबाला कळलं. त्यानं पट्टी कपाळावर सरकवली. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. हातात डबी होती, उघडी.

"जुनी सवय असते," शुभ्रा हळूच म्हणाली. "तंबाखू सोडली तरी मेंदू लवकर विसरत नाही, आजोबा."

"व्हय, व्हय," कोंडिबा त्या सबबीला दोन्ही हातांनी लोंबकळला. "जुनी सवय. डबी बी जुनीच. पडून हुती खिशात तवापासनं."

शिवानी जवळ आली. तिनं डबीत बोट घातलं, बाहेर काढलं, अंगठ्याला लावून बघितलं.

"आबा, चुना ओला हाय."

सोमनाथला एकदम म्हशीची धार काढायची आठवण झाली. तो उठला, त्याच्यामागनं बाकीचेही चपला शोधायला लागले. फुलाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली.

कोंडिबाला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडात मेथी होती. पोरीसमोर थुंकायची लाज वाटली, म्हणून त्यानं ती चुन्यासकट गिळली. मग त्याचा हात सवयीनं शिवानीच्या डोक्याकडं गेला.

ती मागं सरकली. हात मधल्यामधी राहिला.

चुना जास्त झाला होता. दिवेलागणीपर्यंत कोंडिबाचा खालचा ओठ सुजून लटकला आणि पुढचे दोन दिवस त्याला एक शब्द बोलता आला नाही.