हरकत असेल त्याने बोलावं

भिक्खुणी संघाच्या प्रमुख आर्याजींनी कात्री आणि वस्तरा पाटावर ठेवला आणि विहारात जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"अलका धनराज गजभिये आज घर सोडून भिक्खुणी व्हायचं म्हणतात," त्या म्हणाल्या. "घरच्यांची संमती असल्याशिवाय आम्ही केसाला हात लावत नाही. ज्याची संमती आहे त्याने गप्प राहावं. ज्याची हरकत असेल त्याने बोलावं. मी तीनदा विचारीन. हे पहिल्यांदा."

धनराज पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. तो घरून ठरवूनच आला होता, हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. केंद्र सरकारच्या मिनिस्ट्रीत सगळी नोकरी त्याने अशीच काढली होती. नको असलेली फाईल त्याने कधी नाकारली नाही, नुसती पडू दिली. पडून पडून ती आपोआप मरायची. बायकोच्या या खुळाचंही तसंच करायचं, असा त्याचा बेत होता. इथे गप्प बसलं की हो होतं, हे त्याला आत्ता कळलं.

शेजारून रुचिराने त्याला कोपर मारलं. "पप्पा, बोला ना."

"तू बोल. तुला तोंड नाही?"

"मी का? बायको तुमची आहे. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. अंशुमनच्या घरचे सगळे येणार, आणि स्टेजवर मम्मी टकली? बिल्कुल नाही."

"स्टेजवर कशाला येईल ती?" धनराज म्हणाला. "भिक्षापात्र घेऊन हॉलच्या दारात उभी राहील. तुझी सासू वाढेल तिला."

हे तो अलकाला ऐकू जाईल असंच बोलला होता. अलका चार हातांवर, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. अंगावर पांढरी साडी, केस मोकळे, कमरेपर्यंत. तिने मान वळवली नाही.

याचाच त्याला संताप यायचा. आर्याजींच्या संघाने, ज्यांचं कोणी नाही अशा मरणाऱ्या माणसांसाठी राजधानीतल्या द्वारका वस्तीत एक घर उघडलं होतं. अलका आधी रविवारची तिथे जायची, मग रोज जायला लागली. मग भिक्खुणींसारखं तिने दुपारनंतर जेवणं सोडलं. धनराज रोज संध्याकाळी तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवायचा आणि सकाळी तेच ताट तिच्यादेखत कचऱ्यात रिकामं करायचा. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती ताट घासून ठेवायची.

"लोकांचे हात धरून बसायचं आहे ना, बस," तो कालच तिला म्हणाला होता. "त्यासाठी डोकं कशाला भादरायला हवं?"

"अहो, तुमच्या चहासाठी मला चारला निघावं लागतं," ती म्हणाली होती. "माणसं चारनंतरही मरतात."

"दुसऱ्यांदा विचारते," आर्याजी म्हणाल्या. "हरकत असेल त्याने बोलावं."

कोणी खोकलं. मागे एका बाईने हात जोडले. धनराजच्या डोक्यात सगळं तयार होतं. घर कोण बघणार, पोरीच्या लग्नात आई कुठे म्हणून सांगायचं, सोसायटीतले लोक काय म्हणतील. घरी हे सगळं तो ओरडून म्हणाला होता. इथे ते म्हणून पाहावं तर एकेक वाक्य तोंडापर्यंत येईतो लहान होत होतं.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते," आर्याजी म्हणाल्या. "हरकत असेल त्याने बोलावं."

त्याच वेळी एक विमान अगदी विहाराच्या छपरावरून गेल्यासारखं खाली उतरत गेलं. भिंती थरथरल्या. आर्याजी थांबल्या. कोणी बोललं आणि ऐकू आलं नाही असं व्हायला नको, म्हणून त्या थांबल्या होत्या.

धनराज उठून उभा राहिला.

तो उभा राहिला म्हणून त्याच्या मागची रांग उभी राहिली. मग तिच्या मागची. विमानाचा आवाज विरला तेव्हा सगळा विहार हात जोडून उभा होता.

"भाईसाहब का दिल देखो," मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. "सबसे पहले खड़े हुए."

"पप्पा, हे काय केलंत?" रुचिरा दातओठ खात म्हणाली. तीही उभीच होती.

धनराजचं तोंड अर्धवट उघडं होतं. घर, लग्न, सोसायटी, काहीच आता बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. बोलण्यासारखं एकच उरलं होतं. ते त्याने तिला लग्नापासून आजवर एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता एवढ्या माणसांत सुरुवात कुठून करायची?

तेव्हा अलकाने सकाळपासून पहिल्यांदा वळून पाहिलं. तो कशासाठी उठला होता हे त्या सगळ्या माणसांत तिला एकटीला कळलं.

"बोला," ती म्हणाली.

ती थांबली. आर्याजीही थांबल्या. त्यांनी कात्रीला हात लावला नाही.

धनराजने तोंड मिटलं.

अलका परत पुढे वळली आणि तिने मान खाली केली. केसांची पहिली बट पांढऱ्या फडक्यावर पडली. लोकांनी तीनदा 'साधु' म्हणून अनुमोदन दिलं आणि ते एकेक करून खाली बसले.

धनराज उभाच होता.