असण्याची शक्यता

गाठीत सुई टोचून काढलेल्या पेशी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मोठे डॉक्टर ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. हाताखालच्या मॅडमनी रिपोर्टात 'साधी गाठ' लिहिलं, की त्यांचं लाल पेन त्यापुढे 'असण्याची शक्यता' घालायचंच.

"लाळग्रंथीची गाठ भल्याभल्यांना फसवते, मॅडम. छातीठोक लिहाल, उद्या अंगाशी येईल."

"पण सर, पेशंटचा जीव टांगणीला लागतो."

"दोन रात्री झोप लागली नाही म्हणून कुणी मरत नाही."

आज मात्र सर सकाळपासून गालावर हात धरून बसले होते. दाढ ठणकतेय म्हणाले. ओळखीतल्या कुणाच्या तरी पेशींची काचपट्टी त्यांनी मॅडमना तपासायला दिली होती. दुपारी मॅडमनी रिपोर्ट समोर ठेवला: 'कानाखालच्या लाळग्रंथीची साधी गाठ. कॅन्सर नाही.'

सरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. लाल पेन जागचं हललं नाही. शेवटी मॅडमच ओशाळल्या.

"सॉरी सर, 'असण्याची शक्यता' राहिलंच. घालते."

"खबरदार!" सरांनी दोन्ही हात टेबलावर आपटले. "इतकं स्वच्छ दिसतंय, त्यात शक्यता कसली डोंबलाची?"

गालावरचा हात निघाला, तसा कानाखाली चिकटवलेला कापसाचा बोळा उघडा पडला.

मॅडमनी तो डोळे भरून पाहिला. मग लाल पेनचं टोपण काढून त्यांनी ते अदबीनं सरांच्या पुढे धरलं.

"दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे, सर."