आबा बाहेर बसलेत

“सिस्टर, आज दहावं झालं. डोस्क्याचं हे असं. आता मायपुढं कसं जावं?”

अतिदक्षता विभागाच्या दाराशी गोपाळ डोक्याला रुमाल गुंडाळून उभा होता. शिवकन्या सिस्टरने रुमाल जरासा सरकवून पाहिला. डोकं तुळतुळीत. कालपर्यंत ही अडचण नव्हती, कारण कालपर्यंत अनसूयाबाईंच्या पापण्याच उघडत नव्हत्या. नेमक्या आज सकाळी उघडल्या.

वालूरच्या शिवारातल्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, नवरा-बायको कापूस राखायला झोपले होते. मण्यार चावली ती दोघांनाही. गावकऱ्यांनी एकाच जीपमध्ये घालून परभणीला आणलं. गोपाळचे वडील, बन्सीधर आबा, वाटेतच गेले. अनसूयाबाईंना श्वासाच्या यंत्रावर घेतलं.

मण्यारीचं विष मोठं दगाबाज. अंग सगळं लुळं पडतं, माणूस मेल्यागत दिसतो, पण आत शुद्धीवर असतो. सगळं ऐकत असतो. शिवकन्याने हे आधी पाहिलेलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिने गोपाळला दटावलं होतं, “इथं रडायचं नाही. आबा बाहेर बसलेत, असं सांगायचं आणि बोलत राहायचं. घशातली नळी निघेपर्यंत तुमच्या आईने हिंमत सोडता कामा नये. पुढचं पुढं पाहू.” डॉक्टरांनीही मान हलवली होती.

“बोलावं काय पर?” गोपाळ गोंधळला होता. ‘माय, जेवायला वाढ’ यापलीकडे आईशी बोलायची त्याला सवय कुठे होती!

“आबांच्या गोष्टी सांगा.”

मग त्याने सुरुवात केली. आधी अडखळत, नंतर रंगून. लग्नानंतर आबा मायला परभणीच्या उरुसाला घेऊन गेले, मोठ्या पाळण्यात बसले, पाळणा वर गेल्यावर त्यांनाच गरगरलं आणि उलटी झाली. गावात येऊन मात्र सांगितलं, हिलाच झाली! थंडीत शेतावर पाहुणे जमले की आबा स्वतः हुरडा भाजायचे. पहिली मूठ मायच्या हातावर, पण लाडाने देतील तर ते आबा कसले. “बघ गं भाजलाय का!” असं खेकसून द्यायचे. साऱ्या पाहुण्यांना कळायचं आणि माय पदराआड हसायची.

सलाईन बदलता बदलता शिवकन्याही ऐकायची. तिच्याही वडिलांनी तिला खांद्यावर बसवून उरूस दाखवला होता. धक्काबुक्कीत तिची एक चप्पल पडली, तर त्यांनी दुसरीही काढून फेकून दिली होती. म्हणाले, ज्याला सापडंल त्याला जोडी तर मिळू दे! वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. गोपाळ बोलू लागला की ते तिला फार आठवायचे, आणि बरंही वाटायचं.

आज मात्र गोष्टीने भागणार नव्हतं. शिवकन्याने कपाटातून ऑपरेशनच्या हिरव्या टोप्या काढल्या. एक गोपाळच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली, एक स्वतः घातली. मग वॉर्डबॉयला दिली, झाडणाऱ्या मावशींना दिली, छोट्या डॉक्टरांनाही दिली. त्यांचा भांग बिघडला म्हणून ते कुरकुरले. “आजपासून इथं सगळ्यांना टोपी,” ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की छोट्या डॉक्टरांनीही टोपी कानापर्यंत ओढली.

गोपाळ खाटेजवळ गेला. अनसूयाबाईंनी त्याच्या टोपीकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या टोप्यांकडे पाहिलं.

“माय, आबा भाईर बसलेत. इचारायलेत, घरी कवा येतीस?”

अनसूयाबाईंनी बोटं हलवली आणि त्याचा हात हळूच दाबला. गोपाळ कसाबसा बाहेर आला आणि बेसिनचा नळ सोडून ढसाढसा रडला.

शिवकन्या रोज सकाळी त्यांचं अंग पुसायची, वेणी घालायची आणि कपाळाला कुंकू लावायची. त्या दिवसापासून कुंकू लावताना ती त्यांची नजर चुकवू लागली. खोटं बोलणं वेगळं आणि उघड्या डोळ्यांच्या बाईला खोटं कुंकू लावणं वेगळं. आपण पाप तर करत नाही ना, असं तिला वाटे. पण अनसूयाबाई कपाळ पुढे करायच्या. दिवसेंदिवस त्यांचा श्वास सुधारत गेला. इतक्या लवकर सुधारेल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं.

तेरावं उरकून गोपाळ आला त्याच दिवशी नळी निघाली. अनसूयाबाई बराच वेळ खोकल्या. शिवकन्याने ओठांना चमच्याने पाणी लावलं. आता सांगायची वेळ आली होती आणि सांगायचं धैर्य दोघांतही नव्हतं. गोपाळच्या तोंडून सवयीनेच निघालं, “माय, आबा भाईर…”

“तेरावं नीट झालं का रे?” अनसूयाबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

शिवकन्याने खाटेचा कठडा घट्ट धरला.

“माय… तुला कवा कळलं?”

“जीपमंदीच. माझ्याच मांडीवर मान टाकली त्यांनी. माझे डोळे उघडंनात, तोंडातून शबूद निघंना, पर कळलं की रे सारं.”

“मंग रोज माझा हात कशाला दाबायलीस?”

अनसूयाबाईंनी एकवार शिवकन्याकडे पाहिलं, एकवार लेकाकडे.

“तुमी दोघं रोज म्हनायलाव, आबा भाईर बसलेत. खोटं हाय हे मला ठावं व्हतं. पर कुनी भाईर वाट बघत बसलंय म्हनल्यावर मानसाला आत मरता येतंय का रे?”