तिसरा प्रश्न

पलंगावर पेशंट म्हणून जिज्ञासा येऊन बसली आणि किर्तीने चटकन नजर फिरवली.

सत्तावीस पोरं-पोरी परीक्षेला, आणि ही नेमकी किर्तीच्याच वाट्याला यावी! अंबरनाथच्या इन्स्टिट्यूटमधल्या स्पोर्ट्स ट्रेनरच्या कोर्सचं हे शेवटचं प्रॅक्टिकल. जुनी दुखापत असलेला खरा खेळाडू समोर बसवतात. आधी त्याला प्रश्न विचारायचे, मगच हात लावायचा. पास झाली की बदलापूरच्या एका शाळेतली ट्रेनरची नोकरी पक्की होती. आईने तर आख्ख्या बिल्डिंगमध्ये सांगूनही टाकलं होतं.

"चला, सुरू करा," बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, या दोघींची ओळख कुठली ते!

ओळख वांगणीच्या मैदानावरची. आठ महिन्यांपूर्वी तिथे कुळगावच्या मुलींची कबड्डीची फायनल होती आणि शिकाऊ ट्रेनर म्हणून किर्ती त्यांच्याबरोबर गेली होती. जिज्ञासा चढाईत पडली. लंगडत बाहेर येऊन बाकावर बसली. "अगं, टेप लाव आणि पाठव पटकन, दोन पॉइंटने मागे आहोत!" कोच सदूदादा बोंबलत होते. किर्तीने घाईघाईत थंड स्प्रे मारला, टेप गुंडाळली. मग जिज्ञासाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, काही नाही झालेलं." पुढच्याच चढाईत गुडघा पार गेला.

ऑपरेशन झालं. कबड्डी सुटली ती सुटलीच. "पोरीने दुखणं लपवलं. मेडलचा हावरेपणा, दुसरं काय!" असं सदूदादा गावभर सांगत सुटले. सगळं खापर जिज्ञासाच्या डोक्यावर फुटलं. आणि किर्ती? किर्ती मूग गिळून बसली. मनाची मात्र रोज तीच समजूत घालायची. तिने सांगितलं असतं तर मी पाठवलं असतं का? बोलली का नाही ती? एवढ्या एका गोष्टीवर तिने आठ महिने कसेबसे काढले होते. झोप म्हणावी तशी एक रात्र लागली नव्हती.

"नाव?" किर्तीने विचारलं.

"जिज्ञासा."

"कसं लागलं?"

"कबड्डी खेळताना. पाय रुतला आणि अंग वळलं." जिज्ञासा खाली मान घालून बोलत होती. ओळख म्हणून दाखवत नव्हती. सांभाळून घेतेय की काय ही कार्टी! किर्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा प्रश्न आवाजाचा. गुडघ्याला लागलं की हा विचारायचाच, पहिल्याच महिन्यात, वांगणीच्या फायनलच्याही आधी, सरांनी घोकवून घेतला होता. आतलं लिगामेंट तुटलं की बहुतेक वेळा टक् असा आवाज येतो, खेळाडूला तो कळतो. आणि आवाज आला असेल तर त्याला परत खेळायला सोडायचं नाही म्हणजे नाही. गाळावा का हा प्रश्न? दोन मार्क गेले तर गेले. जिज्ञासा 'आला' म्हणाली, तर मॅडमचा पुढचा सवाल ठरलेला. मग हिला परत खेळवलं कोणी?

"पुढे?" मॅडमनी पेन टेबलावर टेकवलं.

गुडघ्यावरचा लांबलचक व्रण किर्तीच्या डोळ्यांसमोर होता. तिला स्वतःचीच किळस आली. आठ महिने तोंड लपवलं, आता आणखी किती लपवायचं? होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

"पहिल्यांदा पडलीस तेव्हा," ती म्हणाली, "गुडघ्यात आवाज आला होता का?"

जिज्ञासाने मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता की काही नव्हतं.

"आला होता ना, ताई. चांगला मोठा. पण तू विचारलंच नाहीस, म्हणून मला वाटलं, त्याचं काही नसतं."