श्रीरंगचा हिरवा दोर

फोन फॅक्टरीच्या ऑफिसात आला तेव्हा बाबाराव लेथवर होते. साहेबांनी स्वतः येऊन बोलावलं.

मुंबईहून जहाज कंपनीचा माणूस बोलत होता. श्रीरंग, बाबारावांचा एकुलता मुलगा, त्या जहाजावर थर्ड ऑफिसर होता. जहाज धक्क्याला बांधताना मागचा दोर ताणून तुटला. त्याचा फटका बसून श्रीरंग पाण्यात गेला. सापडला नाही. शोध थांबवला होता.

बाबाराव सायकल हातात धरून गढ्यातल्या आपल्या गल्लीपर्यंत चालत आले. अंजनीला कसं सांगायचं? तिचं हृदय कमजोर होतं. नागपुरात ऑपरेशन ठरलं होतं. तोवर तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आधी ते शेजारी गेले. गल्लीत फोन फक्त शकुवहिनींकडे होता.

"अंजनीसाठी मुंबईचा फोन आला तर तिला देऊ नका," ते म्हणाले आणि कारण सांगितलं.

शकुवहिनींनी मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी."

घरात अंजनी चुलीपाशी बसली होती. डोळे लाल होते.

"काय झालं?"

"कांदे चिरले. तुम्ही लवकर काहून आले?"

"मशीन बंद पडली."

त्या संध्याकाळी दोघं वरण-भात जेवले. तोंडी लावायला लिंबाचं लोणचं होतं. बाबारावांनी अर्धा भात ताटातच ठेवला. अंजनीनं आग्रह केला नाही.

श्रीरंग घरी असला की आईला जहाजाच्या गोष्टी सांगायचा. आता ते काम बाबारावांनी घेतलं. फॅक्टरीच्या फोनवर त्याच्याशी बोलणं झालं, असं ते म्हणत. श्रीरंगचं अभ्यासाचं जाडं पुस्तक माळ्यावर होतं. दुपारच्या सुट्टीत ते त्याचं एकेक पान वाचायचे. इंग्रजी अडलं की ड्रॉइंग ऑफिसातल्या मुरलीधरला विचारायचे.

चहाच्या वेळी ते परातीत पाणी घेत आणि त्यात काडेपेटी सोडत.

"हे जहाज. याचा पंखा उजवा फिरते. पण मागं घेतलं का, मागची बाजू आपोआप डावीकडे सरकते. म्हणून श्रीरंगला डाव्या अंगानं धक्क्याला लागलेलं बरं वाटते."

"त्यानंच सांगितलं?"

"मंग? मी काय कॅप्टन आहो?"

"चांगलं बोलते तुमच्याशी. माझ्याशी बोलला का, जेवली का अन् औषध घेतलं का. संपलं."

बाबाराव हसले. काडेपेटीला सुतळी बांधून परातीच्या काठाला अडकवली. "अन् धक्का सोडताना सगळे दोर सोडत नाहीत. पुढचा एक ठेवतात, मागच्या दिशेला ताणलेला. सुकाणू धक्क्याकडे करायचं, इंजिन हळूच पुढं. दोर जहाजाला पुढं जाऊ देत नाही, मंग मागची बाजू धक्क्यापासून फाकते. मंग तो दोर सोडायचा अन् मागं निघायचं."

अंजनीनं बोटानं सुतळी दाबून पाहिली. "अजब आहे बाई. निघासाठी धरून राहा लागते."

एकदा ते म्हणाले, जहाज सिंगापूरला आहे. दोन दिवसांनी म्हणाले, कोलंबोहून सिंगापूरला निघालं. अंजनी कपात पाहत राहिली. बाबारावांचे कान तापले.

"मागं बी तुम्ही असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मीच विसरली. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

ते थोडक्यात वाचले.

अंगणात श्रीरंगनं बांधलेला दोर होता. जहाजावरचा, बारीक, हिरवा. दोराचेच पेड दोरात विणून त्यानं टोकाला फासा केला होता आणि त्यावर लाल टेप गुंडाळली होती. त्यावर कपडे वाळत. बाबारावांना त्याच्याकडे पाहवत नसे. दिवाळीच्या आधी एकदा ते कामावरून आले, तर तिथं काथ्याची दोरी होती.

"नायलॉनवरून कपडे घसरतात," अंजनी म्हणाली. "बदलली."

त्यांना बरंच वाटलं. त्या दिवशी ती शकुवहिनींबरोबर पनागरच्या बाजारात भाजी आणायला गेली होती. पिशवी रिकामीच होती. बाजार उठून गेला होता म्हणाली.

ऑपरेशनची तारीख पुढं सरकत गेली. पौषात एका दुपारी अंजनी गेली. शेवटी हात धरून म्हणाली, "जहाजाचं सांगा ना." बाबारावांनी सांगितलं. धक्का जवळ आला आहे, श्रीरंग पुढच्या दोरापाशी उभा आहे, समुद्र शांत आहे. ती ऐकत ऐकत गेली.

तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, एवढं एकच समाधान त्यांच्याजवळ उरलं.

दहाव्याला नदीवरच्या ग्वारीघाटावर पिंड देऊन ते पायरीवर बसले. समोर नाव बांधली होती. पाणी हललं की दोर ताणला जाई, ढिला होई. दोर हिरवा होता. खुंट्याला अडकवलेल्या फाशावर लाल टेप होती.

"भैया, ये रस्सी कहाँ से लाए?"

"एक अम्मा दे गईं, बाबूजी," नावाडी म्हणाला. "दिवाली से पहले बेटे का दसवाँ कराने आई थीं. साथ में पड़ोसन थी. बेटा जहाज़ पे था. बोलीं, पानी की चीज़ है, पानी में ही रहे."

बाबारावांनी फाशावर हात ठेवला.

"हमने पूछा, बाप नहीं आए? बोलीं, उनको मत बताना कोई. रोज़ परात में पानी भरके जहाज़ चलाते हैं, उसी में जी रहे हैं. मैं सुन लेती हूँ."

नाव हलली. दोर ताणला.

दोघांनी एकमेकांजवळ बसून रडायचं राहून गेलं.