भिंतीवरचं प्रोटीन

एका प्रोटीनवरच्या संशोधनासाठी विद्यापीठात सुकेशनीचा सत्कार झाला आणि थोरल्या रत्नमालाचं तोंड पेढे खाऊनही कडूच राहिलं. त्यात आज धाकटीनं त्या प्रोटीनचा रंगीत फोटो भिंतीवर लावला.

"पेशीनं तोंड कुठं करायचं, ते हे सांगतं, ताई. म्हणून तर अंग नीट घडतं."

"लई शहाणं! ह्याला कुनी शिकवलं?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या. बहिणी-बहिणीच म्हण. एकीनं जुनं राबायचं काम धरून ठेवलं, म्हणून दुसरी मोकळी झाली. बदलत बदलत ती दिशा दाखवायला लागली."

"आन् पहिली?"

"ती अजून तेच काम करते. तिनं सोडलं असतं, तर पेशीच मेली असती."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. पैठणचं धरण आटलेलं, आणि या नव्या वस्तीत नळ अजून पोचलेच नव्हते. सुकेशनी शिकायला लागली तेव्हापासून तिच्या वाटणीचा हंडाही रत्नमालाच भरायची. आताही तिनं सवयीनं दोन्ही हंडे उचलले आणि उंबऱ्यात थांबली.

"मंग बाई, त्या थोरलीचा फोटो कुठं लावलास?"